एकोणचाळीस

बागूल एजंट पूर्वेचं दार दाखवतो,
मी विचारते, लॉन्स किती लांब?
लग्नसराईत डीजे कुठवर ऐकू येतो?
गॅलरीला जाळी लावू देतील?
तो वहीत काहीतरी खोडतो.

पाथर्डी फाट्याचा फ्लॅट स्वस्त होता,
पण देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला
आणि कैवल्य ओट्याखाली जाऊन बसला
तो थेट दुपार टळेपर्यंत.

गंगापूर रोडच्या शाळेत मॅडम म्हणाल्या,
‘तसा गोड आहे हो. पण बाकीचे पालक…’
त्या ‘पण’चं डोनेशन किती,
विचारायचं राहिलं.

मग सिडकोतली ही, पत्र्याच्या शेडची.
घंटा झाली. त्याने कान गच्च धरले.
कुणी काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी गेलो, तर गायधनी शिपायांनी
घंटेच्या हातोडीला
जुना पायमोजा चढवलेला.

त्या घंटेपासून सात मिनिटांवर
घर घेतलं.
बागूल कुरकुरला, ताई, दार दक्षिणेला,
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
म्हटलं, लिफ्ट नाही तेच बरं,
ती मजल्यागणिक किंचाळते.

कैवल्य पायऱ्या मोजत चढतो.
एकोणचाळीसनंतर
पुन्हा एकोणचाळीस,
मग दार.