दोन सुतं

क्लर्कनवेल, डिसेंबर. ओलसर कागद
वाळता वाळता आकसतो, केसभर का होईना.
ओबडाया पिनॉक आधी पिवळा छापतो,
मग तांबडा. निळा सगळ्यात शेवटी,
मेरीच्या अंगावर शाल घालावी तसा.

आज कुठेतरी दोन सुतं चुकली.
शाल खांद्यावरून घसरली,
आणि बाळामागचं तेजाचं कडं
शेजारच्या बैलाच्या शिंगात अडकलं.
"रद्दी," फोरमन म्हणाला. चारशे प्रती.

एक त्यानं कोटाखाली दडवून आणली,
ओल धरलेल्या भिंतीला खळीनं डकवली.
कझाया, पाच वर्षांची, खोकता खोकता थांबली:
"बाबा, बैलालाही कुणी दिवा दिला?"

तो बादलीत हात घासत होता.
निळा
नखांतून निघेना.