अस्तर

हिंगणे खुर्दच्या आमच्या खोलीत गॅसची टाकी सरकवून
मी पाटावर कापड पसरायचे, भाचा वरून फोन धरायचा.
चेहरा नको, म्हटलं होतं. हात दिसू देत.
सहा वर्षं हातच बोलले:
आधी भिजवा, मग मापा, मग कापा.

‘कुमूची कात्री’ हे नाव आक्काचं.
कुमू मला फक्त तीच म्हणायची.
आता ते वर्ग एक्केचाळीसमध्ये नोंदलंय,
बाणेरच्या पाचव्या मजल्यावरच्या कंपनीच्या नावे.
सही माझीच, स्वच्छ अक्षरात,
कुमुदिनी दत्तात्रय बोत्रे.
पेढेही मीच नेले होते.

कलम सात आता पाठ आहे.
नाव, चिन्ह, बोलण्याची लकब, आणि ‘प्रेक्षकवर्ग’.
तीन लाख बारा हजार माणसं एका शब्दात,
बत्तिसाच्या ब्लाऊजात चाळिसाची छाती कोंबावी तशी.

मी त्यांना अशी नव्हते ओळखत.
सोलापूरची ती, विड्या वळून पाठ पुढे आलेली,
तिला मागे अर्धा इंच जास्त.
चिपळूणची, दर वेळी ‘ताई, काखेत ओढतंय’.
इस्लामपूरचा एक रिक्षावाला,
बायकोच्या वाढदिवसासाठी चोरून शिकणारा.

मग साबणाची पुडी कापडाशेजारी ठेवा म्हणाले.
मी नाही म्हटलं.

दिवाळीनंतर नवी कुमू बसली.
तिची नखं मोतिया रंगाची.
कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकवून चालवायचं असतं हो,
ही कापडच हवेत उचलते.
खाली कुणीतरी विचारलं, ताई, आवाज वेगळा, सर्दी झाली का?
सुंठ घ्या, दुसरीने सांगितलं.
मला राहवेना. नवं खातं काढून लिहिलं,
अगं मी इथे आहे, मला सर्दी नाही.
दहा मिनिटांत खातं बंद,
कुमूची नक्कल केल्याबद्दल.

मी हसले. भाचा नाही हसला.
सहा वर्षं त्याने हात अवघडून धरला होता.

शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकाशी, चहाचा कप हातात,
वकील म्हणाले, बाई, ती जागा कंपनीचीही नाही,
ती आणखी वरच्याची. कंपनी भाडेकरू,
तुम्ही पोटभाडेकरू. पावतीसुद्धा नाही.
पुण्यात जन्म गेलेल्या बाईला
याहून सोपं करून सांगायची गरज नसते.

नाव गेलं तर गेलं. ज्या तोंडातून ते शोभायचं
ते तोंडही गेलं मागच्या वर्षी.
पण एक टोचतं, शिवणीत राहून गेलेल्या टाचणीसारखं.

चाफा एकाहत्तर.
तिचं एवढंच नाव मला माहीत.
श्रावणात तिने लिहिलं, चारचौघांत नव्हे, आतल्या बाजूला:
ताई, एकच छाती उरलीय.
माघात लेकीचं लग्न, साडी नेसायचीय नीट.
असा ब्लाऊज शिकवाल?
मी लिहिलं, गुरुवारी अस्तर दाखवते.
बुधवारी कुलूप बदललं.

तिचा प्रश्न कोणाच्या मालकीचा?
हे वकिलांना विचारायला जीभ उचलेना.
मीच शोधलं: ‘संदेश व तत्सम मजकूर’,
म्हणजे तोही त्यांच्याकडे,
पाचव्या मजल्यावर, कुणी न वाचलेला.
माझं ‘दाखवते’ मात्र
कुठल्याच कलमात सापडलं नाही.

काल बोहरी आळीतून मऊ मलमल आणली.
दुकानदार म्हणाला, बाळंतविडा का?
हो म्हटलं.
आतून खिसा, तळाशी तिरपी पट्टी,
कापूस नको, घामाने गोळा होतो,
धुऊन वाळवलेले राळ्याचे दाणे घालायचे,
मग वजन येतं, खांदा वर जात नाही.

डावी की उजवी,
ते तेव्हा विचारायचं राहिलं.
म्हणून दोन्ही कापून ठेवलेत.