बादली

नळ बंद करून मी साबण लावते.
एकवीस वर्षं झाली वाल्दिव्हियात,
खिडकीतून नदी दिसते, छपरावर पाऊस मुक्कामालाच असतो,
तरी साबण हातात आला की दुसरा हात नळाकडे जातो
आणि मी फेसात कुडकुडत उभी राहते,
दाराबाहेर कुणी मापटं घेऊन बसल्यासारखी.

निवाल्दो जातो तो अर्धा तास.
गीझर घरघरत राहतो, आरसा आंधळा होतो,
आणि कालच्या भांडणात न सुचलेली उत्तरं
तो आज पाण्याखाली उभा राहून देतो, मोठ्याने, एकटाच.
पावसात वाढलेला माणूस. त्याला पाणी म्हणजे
विचार करायची खोली.
माझ्या आंघोळीला तो मांजराची आंघोळ म्हणतो.
त्याची आई काही म्हणायची नाही,
माझा टॉवेल दोरीवरून काढताना
फक्त एकदा हुंगून बघायची.

आमच्याकडे उत्तरेला, खाणीच्या वस्तीवर,
टँकर मंगळवारी यायचा. कधी बुधवारी.
एकदा ड्रायव्हरच्या बायकोचं बाळंतपण निघालं म्हणून शनिवारी.
दोनशे लिटरचं पिंप, पिंपावर पत्रा, पत्र्यावर दगड,
दगडावर आईची नजर.
जग पैसा पाण्यासारखा उडवतं म्हणे.
आम्ही पाणी पैशासारखं मोडायचो, सुटं करून:
एक किटली कढत, तेवढंच गार,
आधी धाकटा एफ्राइन, मग मी, मग आई,
त्याच पसरट टबात, त्याच पाण्यात,
शेवटी बाबा, कानामागे खाणीची धूळ घेऊन.
तोवर पाण्याचा चहा झालेला.
इतक्या अंगांवरून आलेलं ते पाणी
बाबा बादलीत भरायचे
आणि मागच्या पिमिएंतोच्या झाडाला घालायचे.
वस्तीत हिरवं तेवढंच.
आमच्या मळावर पोसलेलं.
उन्हाळ्यात शेजारच्या बायका खुर्च्या घेऊन
त्याच्या सावलीत बसायला यायच्या,
आणि आई त्यांना असं बसवायची
जशी काही दिवाणखान्यात.

गेल्या जुलैत बाबा आले. दीड दिवस बसमध्ये.
मी न विचारता न्हाणीघरात बादली ठेवली.
त्यांनी न विचारता ती घेतली.
चार मिनिटांत बाहेर, केस भांग पाडलेले,
हातात भरलेली बादली, वर साबणाचा फेस,
आणि कुणी काही म्हणायच्या आत
मागचं दार उघडून अंगणात.

अंगणात पाऊस.
गवत घोट्यापर्यंत बुडालेलं, नेचे ठिबकताहेत,
कुंपणाची लाकडंसुद्धा शेवाळली आहेत.
बाबा मध्यभागी उभे.
खाऊ घेऊन आलेल्या पाहुण्याला
घरात मूलच दिसू नये, तसे.
या झाडाकडे बघतात, त्या झाडाकडे बघतात,
बादलीत पाऊस पडतोय, बादली भरतच चालली आहे.
रायेन छत्री घेऊन धावली,
"आजोबा, ओतून द्या ना, कुठेही!"
कुठेही
हा शब्द त्यांना कळला नाही बहुतेक.

मग वळचणीखाली त्यांना जिरॅनियमची कुंडी सापडली.
पावसापासून दोन वितींवर, माती भेगाळलेली.
मीच ठेवली होती तिथे, केव्हातरी, सासू असताना.
बाबा वाकले, बोटाने माती उकरून पाहिली,
आणि घातलं पाणी, हळूहळू, थांबून थांबून,
जिरतंय का बघत.
उरलं ते परत आत आणलं.
अजून आहे बादलीत. रायेन त्याच्यावरून उडी मारून जाते.

संध्याकाळी निवाल्दो न्हाणीघरात गेला.
गीझर पेटला. पाणी पडू लागलं, पडत राहिलं.
बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून
ओठ न हलवता बोटांवर लिटर मोजत होते.
दोन्ही हात संपले, पुन्हा सुरू केले.
साठाच्या आसपास कुठेतरी त्यांनी सोडून दिलं
आणि पावाला लोणी लावायला घेतलं,
कडेपर्यंत, पातळ.