अ आणि द

बर्फाच्या कारखान्यावरची खोली, वेसावे.
मंगळवारी-शुक्रवारी, पाट्या रिकाम्या झाल्या की
आम्ही सातजणी. हातांना वास, वह्यांनाही.
मास्तरीण आयर्लंडची. नाव ईफा.
चांगुणा तिला इफाबाय म्हणते. ती ओ देते.

परवा ती चुकून मढच्या फेरीत बसली,
तांडेलाला विचारत राहिली, स्टेशन कधी येईल.
परतली ती दोन शेवंडं घेऊन,
दर ऐकून आम्ही कपाळाला हात लावला.
मग 'हाऊ मच'च्या पुढचा धडा आम्ही शिकवला:
तोंड फिरवायचं, चालू लागायचं.
चार पावलांत हाक येते.

आज फळ्यावर दोनच अक्षरं.
अ बोट म्हणजे कुठलीही.
द बोट म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेली, तीच.
"मराठीत कसं सांगता?"
नाही सांगत. बोट म्हणतो.
रेवतीनं करंगळी नाचवली, "मॅडम, हेपन बोट!"
ईफा फळ्याला टेकून हसत राहिली.

खिडकीतून खाडीचं तोंड दिसतं.
हरेश काल सकाळी यायचा होता.
दिवसभर कुणी विषय काढला नाही,
सगळ्यांनी माझ्याकडून मासळी मात्र घेतली.

वहीत रेघा. बाहेर दिवे.
अ बोट.
अ बोट.
अ बोट, एक दिवा गेलेली.

ईफानं खडू ठेवला, शेजारी येऊन उभी राहिली.
"कुठली?"
"द," मी म्हटलं.
"द, मॅडम. अजून नाय."