देब्रे मार्कोसला माझ्या जागी येणाऱ्यास

जाड स्वेटर आण. विषुववृत्त जवळ म्हणून कुणी हसेल तुला,
मीही सुती शर्टांवर आलो होतो
आणि पहिली रात्र पडद्यात गुंडाळून काढली.
डॉलर आण ते कोरे. घडी पडलेल्या नोटेकडे
बँकेतली मुलगी नासक्या पेरूकडे बघावं तशी बघते.

घड्याळाचं आधी सांगतो, कारण तिथेच मी बुडालो.
इथे उजाडलं की बारा वाजतात,
मग तासाने एक. त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ.
‘उद्या तीनला ये,’ म्हणाले आतो बेकुरे,
आणि मी इस्त्री करून, मशीनचा कॅटलॉग घेऊन
दुपारी तीनला दारात.
सहा तास ते बाकावर बसून होते.
वैझेरो त्सिगेरेदा पुन्हा कॉफी भाजायला बसल्या,
कुणी मला एका शब्दाने बोललं नाही.
ते न बोलणं पुढे किमतीतून वजा झालं.

वर्षही त्यांचं सात-आठने मागे, महिने तेरा.
करारावर दोन्ही तारखा घाल,
नाहीतर हप्त्याच्या दिवशी पाच दिवसांचा महिना निघेल मध्येच,
आणि तू भांडशील, आणि ते बरोबर असतील.

आडनाव शोधू नकोस. मागचं नाव बापाचं.
बेकुरे अस्रातना ‘मिस्टर अस्रात’ लिहिलंस
की बिल स्मशानात जातं.

बोलता बोलता समोरचा एकदम श्वास आत ओढेल,
अंगठ्याला ठेच लागल्यासारखा.
पाणी आणायला धावू नकोस. तो होकार आहे.
‘इशी’ म्हणाला, तर मात्र थांब:
तो आपल्या ‘बघू या’चा चुलतभाऊ.

बुधवारी, शुक्रवारी उपासाचं ताट मिळतं,
मसूर, वाटाणा, पालेभाजी, दूधसुद्धा नाही;
घरी फोनवर हे आधी सांग, बाकीचं नंतर.
कुणी घास तोंडाशी आणला तर तोंड उघड.
‘मला हात आहेत की,’ असं मी म्हणालो होतो.
देरेजे फोरमनचा हात हवेतच राहिला,
बोटांवरून डाळ मनगटाकडे ओघळत.

आणि नूग म्हणजे आपलं कारळं.
हेड ऑफिसच्या फायलीत ते नुसतं ‘तेलबी, काळी’ आहे.
पहिला घाणा चालू केला, पेंड बाहेर आली,
आणि माझ्या तोंडाला भाकरीची आठवण सुटली,
चटणीसकट.
विक्रीला याचा उपयोग नाही. तरी तुला सांगून ठेवतो.

कॉफी तीनदा येते, एकाच भाजणीची.
पहिल्या कपाचं नाव अबोल. थट्टा नाही.
त्या कपाला दर काढायचा नसतो,
हे मला निदान मराठीने तरी सांगायला हवं होतं.
तिसऱ्याचं बरका, ती आपली बरकतच,
आणि मी चार वर्षं दुसऱ्यावर उठत आलो
खाली टॅक्सी उभी म्हणून.

आतो बेकुरे गेल्या पावसाळ्यात वारले.
मी मांडवात गेलो, काखेत फाइल होती,
दोन हप्ते बाकी होते, म्हणून नव्हे, सवयीने.
देरेजेने ती अलगद काढून घेतली,
स्वतःच्या बुडाखाली ठेवली आणि तिच्यावर बसून रडला.
अशा वेळी काय बोलायचं, याची वाक्यं मी पाठ केली होती.
लागली नाहीत. नुसतं बसायचं असतं,
जागा भरून.

दोन हप्ते अजून बाकीच आहेत. ऑफिस तुला विचारेल.
पत्र पाठवू नकोस, वकिलाचं तर नाहीच.
वैझेरो त्सिगेरेदा आता स्वतः घाण्यावर बसतात,
पांढऱ्या नेतेलाचा काठ अजून गळ्याशी वळवलेला,
वही त्यांची माझ्याहून नीट आहे.
जा. घास नाकारू नकोस. तिन्ही कप घे.
त्या म्हणतील, तीनला ये.

नऊला पोच. पावणेनऊला निघ,
रस्त्यात गाढवं असतात.