हद्द

पंचनाम्यावर माझा अंगठा आहे. डावा.
शाई वाळली होती, म्हणून कारकुनानं
दिव्याची काजळी तेलात कालवून दिली.
ती नखात राहिली पार बेंदरापर्यंत.

चैत्र होता. सीना आटलेली,
मधोमध घोटाभर ओहळ,
आणि त्या ओहळात कुठेतरी
इंग्रजी अंमल संपायचा, मोगलाई लागायची.
कुठे, ते पाण्याला ठाऊक नव्हतं.
माझी कलिंगडाची वाडी तिथंच, वाळूत.
वेल रातोरात पलीकडं जायचे, फळ तिकडं धरायचे.
त्यावर कुणी कधी जकात मागितली नाही.

रेवप्पा तडवळकर, जमादार, हिंगळवाडी नाका.
एक शिट्टी, एक काठी, तडा गेलेला कंदील.
बंदूकही होती,
काडतुसं सोलापुरात, कुलपात.
नाक्यावर त्याला बसलेला कुणी पाहिला नाही.
पाटलानं पाट मांडला तरी
उभ्यानं पाणी पिऊन, तांब्या पालथा घालून निघायचा.
लोक म्हणायचे, जमादाराच्या कमरेला सांधाच नाही.

चोरीचे बैल या नदीतनंच जायचे
खुरांना गोणपाट बांधून, घुंगरं काढून,
इकडचे तिकडं, तिकडचे इकडं.
शिंगं तासली, डाग दिला
की पुढच्या बाजारात ती दुसरीच जोडी.
सगळ्या गावाला माहीत. सगळं गाव झोपलेलं.

फाल्गुनात त्यानं गंगव्वा तेलिणीचा बैल
पलीकडनं आणला. एकट्यानं.
घाण्याचा बैल तो, वाटभर गोल गोल चालत होता म्हणे,
तीन कोसांची वाट, उजाडलं पोचायला.
आम्ही हसलो होतो.
पाटलाच्या ओसरीवर मात्र त्या दिवशी
कुणी पान खाल्लं नाही.

चौघं आले माझ्या खोपीशी.
बुक्कीनं कलिंगड फोडलं, बिया थुंकल्या.
एकाच्या वहाणेची करकर
मी दर पंचमीला ऐकतो, वाटा द्यायला जातो तेव्हा.
त्यानं हातावर रुपया ठेवला.
म्हणाला, वाळू गार आहे, झोप म्हाताऱ्या.

शिट्टी एकदा वाजली.
दुसऱ्यांदा अर्धीच.

उजाडलं तेव्हा ओहळात आडवा होता,
डोकं मोगलाईत, पाय इंग्रजीत.
इकडनं फौजदार आला घोड्यावर, तिकडनं अमीन.
फौजदार म्हणाला, जिथं डोकं, तिथला खून.
अमीन म्हणाला, जिथनं चालत आला, तिथला माणूस.
दोर टाकून मोजलं. दोर ओला झाला, आखडला,
पुन्हा मोजलं.
मग दोघांनी एकाच बाभळीखाली माझं कलिंगड खाल्लं.
बायको त्याची काठावर, शिवलिंगव्वा,
पदरानं कावळे हाकत.
शिवायची परवानगी नव्हती.

दुसऱ्या रात्री पहारेकरी घोरायला लागला
आणि मी त्याच्या काखांत हात घातले.
अडीच हात ओढला असेल. जास्त नाही.
वाळूवरची रेघ पायानं पुसली.
सकाळी फौजदार माझ्याकडं बघत राहिला बराच वेळ,
मग म्हणाला, लिहा.

सोबत मिळालेल्या वस्तू:
चतकोर भाकरी, शेंगाचटणीची पुरचुंडी,
मापाची एक बांगडी, लहान पोरीची,
गड्ड्याच्या जत्रेतनं जोडी आणायची राहिलेली.
मारेकरी: अज्ञात इसम.
कारकून थांबला.
मी अंगठा पुढं केला.

त्यांच्यात मेलेल्याला बसवून पुरतात.
पहिल्या दिवशी बसला नसता.
तिसऱ्या दिवशी गुडघे वळले,
मांडी घातली, विभूती लावली, तळहातावर लिंग.
कुणाचंतरी पोर मोठ्यानं बोललं,
आई, जमादार बसला.

रुपया आहे अजून कनवटीला.
एकदा तेलासाठी काढला होता.
गंगव्वानं हात पुढं केला, मी मूठ मिटली.
बैल फिरत होता मागं, डोळ्यांवर झापड,
मी आलो तेही त्याला कळलं नाही.