अनुभव

उद्यमनगरात आमच्या शेडच्या शटरवर
गेल्या दिवाळीपासून पाटी आहे :
‘टर्नर पाहिजे. अनुभवी.’

रुकडीचा शीतल मगदूम आज तिसऱ्यांदा आला,
आयटीआयचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी शर्टाच्या आत.
म्हणाला, काका, अनुभव कुठं मिळतोय तेवढं सांगा,
तिथनं घेऊन येतो.

मला हसू आलं.
मग गेलं.

सतराव्या वर्षी दस्तगीर मिस्त्रींनी मला
आठवडाभर नुसता कीस झाडायला लावला होता,
मग टूल धारेला,
आणि ज्या दिवशी लेथ हातात दिली त्याच दिवशी
मी एक शाफ्ट घालवला.
अर्धा सूत जास्तच उतरवला.
मिस्त्रींनी तो भंगारात टाकला नाही,
दार अडवायला ठेवला.
म्हणाले, ह्याचं पैसे मी भरलेत. आता तू शीक.

तो अजून आहे,
दाराशीच, शीतलच्या पायाजवळ.

बँकेचा हप्ता पाच तारखेला.
पंपाची ऑर्डर अर्ध्यावर आलीय.
बायको म्हणते, नवं पोरगं म्हणजे वाया जाणारं लोखंड,
आणि हिशेबात ती कधी चुकत नाही.

लेथ चालू करायच्या आधी विचारलं,
चकची किल्ली काढलीस का?
काढली होती.
घाबरलास?
घाबर की. मीबी घाबरतोय.

निळी चीप वळत वळत वीतभर आली
आणि तुटली.
दोघंही तिच्याकडंच बघत राहिलो.

पाटी काढायला शिडी लागते.
उद्या त्यालाच चढवतो.
पगाराचं अजून बोललो नाही.